आठ नंबरचा ओपिनेल

चाकू जमवणारे आणि चाकूत फेरफार करणारे यांचं सहसा पटत नाही. जमवणाऱ्याला वस्तू जशीच्या तशी हवी असते. पात्यावरचा छाप पुसट झालेला दिसला की त्याचा जीव हळहळतो, मुठीवरचं मूळ वार्निश खरवडलेलं दिसलं की तो चाकू खाली ठेवतो. फेरफार करणाऱ्याला मात्र दुकानातून आलेली वस्तू अर्धवट वाटते. मूठ हाताला नीट बसत नाही, लाकूड निर्जीव दिसतं, पात्याची पाठ बोटाला टोचते, म्हणून पहिल्याच रविवारी तो चाकू सोडवून त्याचे भाग टेबलावर मांडतो. एकाचं सुख हात न लावण्यात, दुसऱ्याचं हात लावण्यात. हे पुस्तक दोघांसाठी लिहिलं आहे, आणि ते ओपिनेल या एकाच फ्रेंच चाकूभोवती फिरतं याचं कारणही तेच. ज्याच्यामुळे हे दोन्ही छंद एकाच खणात सुखाने नांदू शकतात तो चाकू माझ्या माहितीत हाच.

साव्हॉय हा फ्रान्सचा आल्प्समधला, इटलीला लागून असलेला मुलूख. तिथल्या मोरिएन खोऱ्यात, सें-झां-द-मोरिएन गावाजवळच्या डोंगरात ओपिनेल घराण्याची लोहारकी होती. वडील डॅनियल कुऱ्हाडी, कोयते अशी शेतकऱ्याला लागणारी धारदार हत्यारं करत. थोरला मुलगा जोसेफ १८७२ सालचा. त्याला यंत्रांची अतोनात ओढ. त्याने स्वतःचा कॅमेरा स्वतः बनवला होता आणि गावातल्या लग्नांचे फोटो तो काढायचा. १८९० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने खिशात मावेल असा घडीचा चाकू केला. लाकडी मूठ, तिच्यात करवतीने पाडलेली खाच, कार्बन पोलादाचं पातं, टोकाला धातूचं कडं आणि या सगळ्यांतून आरपार गेलेलं एक रिव्हेट. दिखाऊ असं त्यात काहीच नव्हतं. शेतकऱ्याने त्या चाकूने पाव कापावा, चीज कापावं, द्राक्षाची फांदी छाटावी, दोरी तोडावी, एवढीच अपेक्षा.

१८९७ साली त्याने एक ते बारा अशा क्रमांकांत बारा आकार काढले. फेरीवाल्यांनी ते गावोगाव नेले, रेल्वेच्या कामगारांनी खिशात घालून आणखी दूर नेले. १९०९ साली त्याने व्यापारचिन्ह नोंदवलं, वर मुकुट असलेला आशीर्वादाचा हात. फ्रान्समध्ये चाकू करणाऱ्या प्रत्येक कारागिराने आपल्या मालावर स्वतःची खूण उमटवावी असा दंडक सोळाव्या शतकात चार्ल्स नवव्या राजाने घातला होता, त्या परंपरेला धरूनच हे झालं. हात घेतला सें-झां-द-मोरिएनच्या मानचिन्हातून. बाप्तिस्मा करणाऱ्या संत जॉनच्या बोटांचे अवशेष त्या गावात आहेत अशी श्रद्धा आहे. मुकुट साव्हॉयच्या जुन्या डचीचा. हा छाप आजही प्रत्येक पात्यावर असतो.

बारा आकारांतले दोन १९३५ मध्ये बंद झाले. एक नंबर इतका इवलासा होता की त्याने काम ते काय करायचं, आणि अकरा नंबर दहा आणि बारा यांच्यामध्ये उगाचच अडकलेला. तेव्हापासून दोन ते दहा आणि बारा असे दहा नंबर राहिले. नंबर वाढेल तसं पातं वाढतं. दोनचं साडेतीन सेंटिमीटर, सहाचं सात, आठचं साडेआठ, नवाचं नऊ, बाराचं बारा. पुढे तेरा नंबरचा एक दांडगा चाकूही आला, त्याचं पातं बावीस सेंटिमीटरचं आहे. तो कापण्यापेक्षा दाखवण्याचा. या साध्या क्रमवारीने संग्रहाला आपोआप एक चौकट मिळते. मला ती फार मोलाची वाटते. कारण नवखा माणूस जगातला प्रत्येक चाकू घ्यायला निघतो आणि वर्षभरात थकतो. इथे दहा चाकूंचा संच पुरा करायचा, एवढंच पहिलं उद्दिष्ट. सामान्य पगारदार माणसाला ते हळूहळू झेपतं.

संच पुरा झाला की खरा अभ्यास सुरू होतो, आणि त्यासाठी कड्याकडे बघायला शिकावं लागतं. सुरुवातीच्या ओपिनेलला पातं उघडं धरून ठेवणारं कुलूप नव्हतं. मुठीच्या टोकाला एकच कडं असायचं, तेही लाकूड चिरू नये म्हणून. टोकाने काही टोचायला गेलं की पातं बोटांवर मिटण्याची भीती. १९५५ साली मार्सेल ओपिनेल यांनी या कड्यावर दुसरं, फिरणारं कडं चढवलं. त्याला एका बाजूने फट आहे. फट खाचेसमोर असली की पातं मोकळं. कडं थोडं फिरवलं की त्याचा भरीव भाग पात्याच्या टाचेमागे येतो आणि पातं मिटूच शकत नाही. याला विरोब्लॉक म्हणतात. सहा नंबरपासून वरच्या चाकूंना ते असतं, दोन ते पाच नंबरांना नसतं. २००० साली त्यात आणखी सुधारणा झाली, आणि मिटलेलं पातंही कुलूपबंद करता येऊ लागलं. म्हणजे जुन्या बाजारात सहा किंवा त्यावरच्या नंबरचा एखादा ओपिनेल हाती आला तर त्याचा काळ ठरवायला आधी हे बघायचं. फिरतं कडं नाही, तर १९५५ च्या आधीचा. आहे पण उघड्या पात्यालाच धरतं, तर त्यानंतरच्या पंचेचाळीस वर्षांतला. दोन्हीकडे धरतं, तर या शतकातला. याहून बारीक खुणा, पात्यावरच्या छापाची मांडणी, मुठीवरची अक्षरं, नखाने पातं उचलायच्या खाचेची लांबी, यांना पुढे एक आख्खं प्रकरण दिलं आहे.

आता पात्याचं. ओपिनेल दोन पोलादांत मिळतो. एक कार्बन पोलाद, ज्यात सुमारे ०.९ टक्के कार्बन असतो. दुसरं गंज न धरणारं, त्यावर इनॉक्स असं कोरलेलं असतं. त्यात क्रोमियम भरपूर आणि कार्बन कमी. इनॉक्सची निगा सोपी, पण छंदासाठी मी कोणालाही कार्बनच सुचवतो. त्याला धार पटकन चढते, दगडावर ते आज्ञाधारक असतं, आणि ते वापराची नोंद ठेवतं. कैरी, लिंबू, कांदा कापला की आपल्या जुन्या लोखंडी विळीचं पातं जसं काळवंडतं तसंच हेही काळवंडतं. करडा, निळसर, मध्येच तपकिरी असा थर चढत जातो आणि तो पुरेसा दाट झाला की तांबड्या गंजाला काही प्रमाणात आडवा येतो. अनेक जण हा थर मुद्दाम चढवतात. पातं साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करायचं, तेलाचा अंशही ठेवायचा नाही, आणि कोमट व्हिनेगरमध्ये बुडवायचं. काही मिनिटांत पृष्ठभागावर बारीक बुडबुडे धरतात आणि चकाकी मावळते. बाहेर काढून पुसायचं, पुन्हा बुडवायचं. कोणी मोहरीची चटणी बोटाने ठिपक्याठिपक्यांनी लावतं आणि त्यातून नक्षी उमटवतं. मला मात्र फळं-भाज्या कापून आपोआप आलेला रंगच आवडतो. त्याला वेळ लागतो, पण तो ज्याच्या त्याच्या स्वयंपाकाचा असतो.

मूठ बीच नावाच्या युरोपीय झाडाच्या लाकडाची असते. हे लाकूड कठीण, सरळ रेषांचं, यंत्रावर छान कातलं जाणारं. पण ओल प्यायली की फुगतं आणि पातं खाचेत अडकतं. खुद्द साव्हॉयमध्ये यावर एक देशी इलाज आहे, त्याला साव्हॉयकरांचा ठोका असं म्हणतात. कडं मोकळं करून मुठीचं टोक टणक जागी ठक्कन आपटायचं, की अडकलेलं पातं खाचेतून जरासं उचललं जातं. आल्प्समध्ये ही पावसाळी दिवसांची कुरकुर असेल. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर ती रोजची गोष्ट आहे. नखाने पातं उचलता उचलता नख मोडायची वेळ येते. म्हणूनच आपल्याकडे या चाकूत पहिला फेरफार करायचा तो शोभेसाठी नव्हे, पावसासाठी.

त्याची पद्धत इथे थोडी सविस्तर सांगतो, कारण या छंदाचा सगळा स्वभाव तिच्यात दिसतो. काम मार्च-एप्रिलमध्ये करावं, लाकूड सुकून आखडलेलं असताना. फिरतं कडं सर्कलिप प्लायरने हलकेच फाकवून काढायचं. जोर केला तर ते वाकडं होतं आणि पुन्हा कधी नीट बसत नाही. पात्याच्या धारेवर जाड चिकटपट्टी दुहेरी लावायची. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर दुहेरी घडी करून, मधे पातळ पट्टी धरून खाचेच्या दोन्ही भिंती घासायच्या. फार नाही, पातं दोन्हीकडून मोकळं दिसेल इतकंच. जास्त घासलं तर कोरड्या दिवसांत पातं डुगडुगतं. नंतर मुठीवरचं वार्निश १८० आणि पुढे ३२० नंबरच्या कागदाने काढायचं, म्हणजे लाकूड तेल प्यायला तयार होतं. ओल्या फडक्याने पुसून एकदा सुकू द्यायचं. लाकडाची कुसळं उभी राहतात, ती पुन्हा घासून बसवायची. मग जवसाचं तेल, पातळ हातांनी, प्रत्येक हातानंतर उरलेलं पुसून घेत, दिवसादिवसांच्या अंतराने. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड तेल लवकर सुकतं, पण त्यात सुकवणारी धातूंची संयुगं असतात, म्हणून ज्या चाकूने फळं कापायची त्याला खायचं कच्चं तेल बरं. वेळ मात्र आठवड्यांनी मोजायची तयारी हवी. एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहावी अशी आहे. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून डब्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडतं, आणि गोळा केलेला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. बोळे पाण्यात भिजवा किंवा पसरून उघड्यावर वाळवा.

पावसाची सोय झाली की मग शोभेकडे वळावं. मूठ काळी करण्याची जी पद्धत पाश्चात्त्य हौशी कारागीर वापरतात ती म्हणजे गडद चहाचा हात आणि त्यावर लोखंडी तार विरघळवलेलं व्हिनेगर. लाकडातल्या टॅनिनशी लोखंडाचा संयोग झाला की काळा रंग उमटतो, हे तिच्यामागचं रसायन. बीचमध्ये टॅनिन फारसं नसतं म्हणून ते चहातून द्यावं लागतं. आपल्याकडे चहाहून कितीतरी जोमदार वस्तू सह्याद्रीतच पिकते. हिरडा. रंगारी आणि शाई करणारे हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. हिरड्याची भरड रात्रभर भिजवून, उकळून, गाळून तो काढा घासलेल्या मुठीला लावावा. पहिल्या हाताला लाकूड नुसतं पिवळट होतं. ते वाळल्यावर पाण्यात विरघळवलेल्या हिराकसाचा हात फिरवला की रंग करडा होतो, आणि हवा लागेल तसतसा जांभळट काळ्याकडे झुकतो. नव्याने कातलेल्या मुठीवर रेषा उठून दिसतात, वार्निशच्या काळ्या रंगासारखं त्यांवर झाकण पडत नाही. ही प्रक्रिया करताना पातं काढलेलंच बरं, कारण हिराकसाचं पाणी पोलादाला सोडत नाही. आणि हातमोजे घालावेत, नाहीतर बोटं आठवडाभर तशीच राहतात.

मूठ कोरणं, तिचा पोटाकडचा फुगवटा कमी करणं, टोकाला भोक पाडून दोरी ओवणं, मूळ मूठ काढून शिसवीची किंवा अक्रोडाची नवी बसवणं, या सगळ्या पुढच्या पायऱ्या. शिंगाच्या मुठीचा मोह अनेकांना होतो, म्हणून स्पष्ट लिहितो. शेफील्ड आणि झोलिंगेनच्या जुन्या देखण्या चाकूंना भारतातून गेलेलं सांबरशिंग लावलेलं असे. आज ते घेणं, विकणं, जंगलात गळून पडलेलं उचलून आणणंसुद्धा वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्ध आहे. सांबराचा जीव माझ्या हौसेहून मोठा आहे. लाकडात इतकं वैविध्य असताना शिंगाची गरजही नाही.

पात्यात फेरफार करताना मात्र हात आखडता घ्यावा. पात्याची पाठ गोल करणं, टोक थोडं खाली आणणं, इतपत ठीक. ग्राइंडर लावायचा असेल तर पातं उघड्या बोटांनी धरा आणि चटका बसायच्या आधी पाण्यात बुडवा. कारखान्यात पोलादाला दिलेलं पाणी दोनशे अंशांच्या पुढे उतरू लागतं. काठावर आधी पिवळी, मग तपकिरी आणि निळी छटा दिसते. निळी दिसली म्हणजे तेवढी जागा मऊ पडली, तिथे धार टिकणार नाही. धार लावायला निसणा किंवा पाण्याचा दगड पुरे: एक हजार नंबरचा, आणि हौस असल्यास पुढे तीन हजारचा. पातं दगडाशी सुमारे वीस अंशांत ठेवून एका बाजूने घासत राहायचं, जोवर दुसऱ्या बाजूला काठावर बारीक कड उलटत नाही. ती डोळ्यांना दिसत नाही. अंगठा काठाकडून आडवा, बाहेरच्या दिशेने सरकवला की खरखर लागते. पूर्ण लांबीवर ती लागली की बाजू पालटायची. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पातं उलट्या दिशेने ओढून कड मोडून काढायची. चाकूचा छंद आहे आणि धार लावता येत नाही अशी माणसं भेटतात तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. त्यांच्या खणात चाकू असतात, पण चाकूचं काम त्यांनी अनुभवलेलं नसतं.

अमेरिकेत या छंदाला वेगळं, खर्चिक वळण लागलं. ऑरलँडोच्या बो रँडल यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस हाताने चाकू करायला घेतले. पुढे त्यांच्या चाकूंसाठी इतकी रांग लागली की बॉब लव्हलेस या तरुणाला थांबवेना आणि त्याने १९५० च्या दशकात स्वतःच चाकू घडवला. आज लव्हलेसचे चाकू लिलावात जातात आणि तिजोरीत राहतात. त्यांच्या कौशल्याबद्दल मला नितांत आदर आहे, पण शिकायला निघालेल्या माणसाला तिथे जागा नाही. त्या चाकूवर पॉलिश पेपर फिरवायचं धाडस कोण करील? ओपिनेलवर कोणीही करावं. त्याची रचनाच पाच भागांची आहे आणि ती १८९० पासून फारशी बदललेली नाही. एक बिघडला तरी तसाच दुसरा मिळतो. म्हणूनच या पुस्तकात एक नियम जागोजागी येईल. विरोब्लॉकच्या आधीचा, म्हणजे १९५५ पूर्वीचा चाकू हाती आला तर त्याचं वार्निश, छाप, रिव्हेट, गंजाचा डागसुद्धा शक्य तितका तसाच राहू द्या. तेलाचा एक हात आणि कोरडी जागा, बस्स. नव्या चाकूवर मात्र मनात येईल ते करा. जमवणारा आणि बदलणारा यांचं भांडण एवढ्याने मिटतं.

रोजच्या वापरातली पाती जमवण्याची दृष्टी आपल्याला परकी नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचं दालन पाहिलेल्या कोणालाही हे पटेल. दिनकर केळकर यांनी राजेरजवाड्यांच्या तलवारींइतक्याच आस्थेने घराघरांतली सुपारी कातरायची हत्यारं गोळा केली: पक्ष्यांच्या आकाराची, माणसांच्या आकाराची, पितळेची. पानाच्या डब्यातल्या वस्तूवर कारागिराने किती जीव लावला होता ते त्यांच्यामुळे आपल्याला दिसलं. विळी, कोयता, पानपुड्याच्या सुऱ्या यांचा असा संग्रह अजून नीट व्हायचा आहे, आणि ओपिनेलवर डोळा तयार झालेला एखादा वाचक उद्या त्याकडे वळला तर मला फार आनंद होईल.

कायद्याचं थोडक्यात. आपल्या शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेतीच्या, उद्योगाच्या कामासाठी केलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. ओपिनेलचे नेहमीचे नंबर त्या मापाच्या बरेच आत आहेत. तरीही सण, निवडणुका, ताणतणाव अशा काळात पोलीस जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश काढतात, तेव्हा चाकू खिशात घालून रस्त्यावर जाऊ नये. विमानात तो हाताशी ठेवायच्या बॅगेत चालत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी विशेष लक्षात ठेवावं की तिथे पातं कुलूपबंद होणारा चाकू सबळ कारणाशिवाय बाहेर बाळगता येत नाही, मग तो कितीही छोटा असो. त्यांच्या खिशासाठी कुलूप नसलेला पाच नंबर आहे. लहान मुलांच्या हाती पहिला चाकू द्यायचा तर मोठ्यांनी शेजारी बसून, आणि आधी टोक गोल करून.

पहिली खरेदी कोणती, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. आठ नंबर, कार्बनचं पातं, साधी बीचची मूठ. ऑलिव्ह किंवा अक्रोडाच्या मुठीचे देखणे प्रकार नंतर. आठचं पातं टोमॅटोपासून दोरीपर्यंत सगळ्याला पुरतं आणि मूठ बहुतेकांच्या तळहातात बसते. शक्यतो दोन घ्या. एक वेष्टनासकट बाजूला ठेवा, तो संचातला. दुसऱ्याचं कडं कसं काढायचं तिथपासून पहिलं प्रकरण सुरू होतं. सर्कलिप प्लायर आणि चिकटपट्टी जवळ घेऊन बसा.